डिकीवरचं गंजलेलं नाव

सानपाडा, रविवार

तीर्थस्वरूप हौसेराव दाजी यांना मेहुणा उदयसिंह याचा हात जोडून नमस्कार. (हात जोडलेत खरे, पण ते दाखवण्याजोगे नाहीत. नखांत पांढरा रंग गेलाय आणि तो रॉकेलनेही निघत नाही.) इकडे आम्ही सगळे खुशाल. आपला गुडघा कसा आहे? उज्वलाने पाठवलेलं तेल लावता, की बाटली नुसती कपाटात उभी आहे? विश्वजितच्या लग्नाची धांदल सुरू झालीच असेल. एवढं सगळं फोनवरच विचारलं असतं, पण आपल्याकडे फोन ताई उचलते, आणि ताईच्या कानावर गेलेली गोष्ट दिवेलागणीच्या आत आमच्या वैष्णवीला कळलेली असते. म्हणून हे पत्र नामाच्या टेम्पोतून पाठवतोय. आमच्या गाळ्यावर कांदा उतरवून तो कोरेगावला रिकामाच परततो.

तर विषय आमच्या गाडीचा. आपल्याला आठवत असेल, गाडी घेतली तेव्हा देवदर्शनाच्याही आधी मी ती शिरवण्याच्या रेडियमवाल्याकडे नेली होती. आपल्याकडे गाडीवर लेकराचं नाव नसलं तर लोक विचारतात, कुणाची मागून आणली? मी डिकीवर लालभडक अक्षरांत 'वैष्णवी' लिहून घेतलं. त्या भल्या माणसाने रेडियमचा कागद गाडीवर चिकटवला आणि अक्षरं पात्याने थेट गाडीवरच कापली. हात असा वळत होता की बघत राहावं. मी वर त्याला चहा पाजला आणि शेवटची वेलांटी जरा ऐटीत काढा म्हणून सांगितलं. पातं रेडियमबरोबर रंगही कापत पत्र्यापर्यंत जातंय, हे ना त्याच्या ध्यानात आलं ना माझ्या.

आता वैष्णवी ऐरोलीला नोकरीला लागली, लायसन्स काढलं, आणि मागच्या महिन्यात जेवता जेवता म्हणाली की विश्वजितदादाच्या लग्नाला गाडी मीच चालवत नेणार. दाजी, माझा घास तोंडातच राहिला. मी रोज मार्केटात ट्रकवाल्यांबरोबर चहा पितो. ते घाटात कशी गाडी घालतात ते त्यांच्याच तोंडून ऐकलंय. पण सरळ नाही कसं म्हणू? (आमच्या घरात नाही म्हणायचा अधिकार उज्वलाकडे आहे, आणि ती त्या दिवशी लेकीला आमटी वाढत होती.) मी म्हटलं, ते विटलेलं रेडियम घेऊन लग्नघरी जायचं का? तिने लगेच केस वाळवायचं मशीन खाली नेलं, रेडियम गरम करून सोललं, आणि काय सांगू, त्याच्या खाली तेच नाव, तसंच, तपकिरी गंजात. कापलेल्या रेघांत इतकी वर्षं खाडीचा खारा वारा मुरत होता.

मला मनातून फार बरं वाटलं. मी तोंड पाडून म्हणालो की गंजकी गाडी सोयऱ्यांपुढे नेली तर शोभा होईल, गंज गेल्याशिवाय गाडी सानपाड्याबाहेर जाणार नाही. गंज काही जात नसतो, अशी माझी पक्की समजूत. वैष्णवी म्हणाली, "गंज गेला की चावी माझी. फायनल ना पप्पा?" मी हो म्हटलं.

पहिला उपाय उज्वलाचा. ती तांब्याची भांडी चिंच-मिठाने घासते, तशी तिने डिकी घासली. दुसऱ्या दिवशी मिठाने आपलं काम केलं आणि नाव आधीपेक्षा ठळक झालं. मग बाप म्हणून आपणही काही करतोय हे दिसावं, यासाठी मी तारेची घासणी घेतली. अक्षरं तशीच राहिली आणि भोवतीचा चांगला रंग मात्र ओरबाडला गेला. त्यावर सोसायटीचे सेक्रेटरी जयप्रकाश (हे स्वतः गाडी धूतही नाहीत) म्हणाले, "टेन्शन नाय घ्यायचं, कोल्ड्रिंक ओता, गंज खल्लास." ओतलं. सकाळी पाहतो तर मुंग्यांनी एकामागोमाग रांग लावून वैष्णवीचं नाव गिरवलेलं. वॉचमन चार लोकांना दाखवत होता आणि हे उदयसिंह साहेबांचं काम आहे असंही सांगत होता.

हे मात्र मला लागलं. दाजी, आपण मला ओळखता. गोणीची शिवण वाकडी दिसली तर मी दुसऱ्याची गोणीसुद्धा उसवून शिवतो. पोरगी घाटात गेली नाही पाहिजे हे खरं, पण माझ्या हातचं काम लोकांनी हसण्यावारी न्यावं हे कसं चालेल? त्याच संध्याकाळी मी बारीक वॉटर पेपर, प्रायमर आणि गाडीच्या रंगाची छोटी बाटली घेऊन आलो. मग सुट्टीच्या दिवशी आम्ही बापलेक पार्किंगमध्ये उलट्या क्रेटवर बसलो. साबणाच्या पाण्यात कागद भिजवायचा, गंज जाऊन पत्रा चकाकेपर्यंत हलक्या हाताने फिरवायचा, रंग आणि पत्रा मिळतात त्या कडेला बोट लावलं तर पायरी लागता कामा नये. मग पुसून, वाळवून प्रायमर, आणि त्यावर रंगाचे पातळ हात. माझा हात पोती उचलून जड झालेला. ती म्हणायची, "दाबू नका पप्पा, कागदाला त्याचं काम करू द्या." प्रायमर वाळला का ते मी अंगठा लावून बघितलं, तिने न बोलता तो ठसा पुसला आणि पुन्हा हात दिला. मला धीर नाही, तिला आहे. हा गुण आमच्या घराण्यात कुठून आला ते कळत नाही.

शेवटी 'वै' तेवढा राहिला आणि माझा हात थांबला. खरं सांगतो, वाईट वाटलं. ही पोरगी वाचायला शिकली ती त्या डिकीवर. एकेका अक्षरावर बोट ठेवून नाव वाचायची आणि मग डिकीवर थाप मारून सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं सांगायची की ही माझी गाडी. तिने माझ्याकडे पाहिलं, कागद पाण्यात बुडवला आणि 'वै'सुद्धा घासून काढला. आता डिकी पांढरीस्वच्छ आहे, बाकीच्या गाडीपेक्षा जरा जास्तच, नवीन बसवलेल्या दातासारखी.

ताईला नमस्कार, विश्वजितला आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

आपला,
उदयसिंह

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. गंज गेला, मी शब्दात अडकलो. आपण वैष्णवीला फोन करून सांगा की खंबाटकी घाटात रस्त्याचं काम निघालंय, एसटीनेच या. ती आपला शब्द मोडत नाही. हे मी सुचवलं असं ताईलाही कळू देऊ नका. दाजी, मला भीती वाटते, दुसरं काही नाही.

ता. क. दुसरा : नामाच्या टेम्पोचा क्लच गेला म्हणून पत्र इथेच राहिलं, ते बरं झालं. आज सकाळी वैष्णवी म्हणाली, रंग उन्हात टिकतो का बघू, आणि मला बाजूला बसवून मोरा बंदरापर्यंत घेऊन गेली. जाताना सगळ्या वाटेवर माझा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. त्या रस्त्याला कंटेनरवाल्या ट्रेलरांची रीघ असते. ती कुणाच्या पुढे घुसली नाही, उगाच हॉर्न वाजवला नाही, जाणाऱ्याला जाऊ दिलं. धक्क्यावर चहा घेतला आणि परत निघालो. येताना, दाजी, शेजारून ट्रेलर जात होते आणि मला झोप लागली. सानपाडा आल्यावर तिने उठवलं.

तेव्हा फोन करू नका. मांडवाजवळ गाडीला सावलीची जागा तेवढी धरून ठेवा.