कौलारू तेवढं घर

अप्पा, तुम्ही गेलात आणि तुमचंच काम माझ्या वाट्याला आलं. घाटात दरड कुठे कोसळेल, ती अडवायला भिंत बांधायचा खर्च किती, आणि भिंतीखाली वाचणारी घरं बघता तो सरकारला परवडेल का, याचा अंदाज काढायचा.

मळमड्डीच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात तुम्ही ताट सरकवून नकाशा पसरता. आई भाकरी घेऊन उभीच. मी एका डोंगराखालच्या गवती झोपड्यांवर बोट ठेवते. "त्या शेड," तुम्ही म्हणता. "कौलारू तेवढं घर. आणि नकाशावर तूप सांडू नको." त्या डोंगराखाली तुमच्या लेखी घरच नव्हतं, म्हणून भिंत झाली नाही. दरड मात्र आली. नंतर तिथली एक बाई आपल्या पायरीशी येऊन बसली, तिचा नवरा मातीखाली गेला होता. "साहेब्रे, नम्दु मनी अल्लेन्री?" आमचं घर नव्हतं का, एवढंच विचारत होती. तुम्ही वर्तमानपत्र खाली न घेता म्हणालात, "शेड इत्तव्वा." शेड होती, बाई. आईनं तिला चहा दिला. मला रडू फुटलं तर माझ्यावरच खेकसलात, "रडून भिंतीचा दर बदलतो का?" त्या दिवसापासून मला तुमचा तिरस्कार वाटतो. तुम्हाला पोचवून आलो त्या संध्याकाळीही तो तसाच होता.

यंदा तशीच एक वस्ती माझ्याकडे आली. पत्रे, ताडपत्र्या, खाली ओल. हाताखालचा इंजिनियर म्हणाला, "मॅडम, शेड लिहू या, सुटसुटीत होईल." मी प्रत्येक झोपडीपुढे "घर" लिहायला लावलं. फार बरं वाटलं, तुमच्या तोंडावर फेकल्यासारखं. पण घरं म्हटल्यावर वरच्या कचेरीनं तुलना मागितली: भिंत बांधणं स्वस्त की माणसं उठवणं? उठवणं स्वस्त निघालं. हिशेब मीच केला, आणि तो बरोबर होता. शेड असत्या तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं, वस्ती तिथेच राहिली असती. गेल्या आठवड्यात वस्तीवर जेसीबी फिरला. एक म्हातारी भांडी कवटाळून उभी होती. मला म्हणाली, "अक्का, शेड अंत बरीबेकित्तु." शेड असंच लिहायचं होतंस. मी गाडीत बसले, काच वर केली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. "घर" लिहायला लावताना माझ्या डोळ्यांपुढे ती म्हातारी नव्हतीच, अप्पा. तुम्ही होता.