चढावर बोलता येत नाही

१२ जानेवारी

दादा,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, तिकडेही सगळं खुशाल असेल, असं लिहायची रीत आहे. पण तिकडे खुशाल नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते वाक्य मी गाळते. पायांची सूज उतरली का? डोळ्यांचा पिवळेपणा? वहिनी सांगते तेवढंच कळतं. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोन परस्पर तोडता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

घरची हकिगत अशी. लेकीची परीक्षा तोंडावर आहे आणि ती अभ्यास सोडून बाकी सगळं मन लावून करते. सासऱ्यांना आता चमच्याने भरवावं लागतं. नवऱ्याची छापखान्यात दुपारची पाळी लागली, म्हणून सासऱ्यांची सकाळ त्याची आणि संध्याकाळ माझी. कॉलेजात दोन्ही सत्रांना इतिहास शिकवते. सभा आहेतच. तू म्हणशील, सभा कमी कर. नाही करणार.

आणि एक नवीन. मी सायकलने कॉलेजला जायला लागले आहे. हस. हसून झालं की पुढे वाच.

व्यायामशाळेत जायला माझ्याकडे वेळ नाही. पण कामावर तर जावंच लागतं. बसच्या रांगेत उभं राहून, कुणाच्या तरी काखेत नाक खुपसून जायचं, तोच वेळ मी व्यायामाला लावला. लेकीची जुनी सायकल काढली. कपडे पाठीवरच्या पिशवीत, आणि आमच्या विभागात जुने नकाशे ठेवायची खोली आहे तिथे बदलते. प्राचार्य म्हणाले, "बाई, या वयात घामाघूम होऊन येणं शोभतं का?" मी म्हटलं, "सर, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आलात की तुम्हालाही घाम येतो. मी निदान सात किलोमीटर आलेय." त्यानंतर विषय निघाला नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत, हाडं मोजल्यासारखं बघतात माणसाकडे. त्यांनी विचारलं, "चढावर बोलता येतं का? पूर्ण वाक्य?"

मी म्हटलं, "मला कुठेही पूर्ण वाक्य बोलता येतं."

"मग तुम्ही नुसत्या फिरायला जाताय. वाक्य तुटलं पाहिजे. दोन शब्दांवर यायला हवं. मग सपाटीवर दम घ्यायचा, पुन्हा चढावर जोर."

आमच्या वाटेवर चढ एकच आहे, पुलाचा, आणि तो पूल तू बांधला आहेस. तेव्हा रोज सकाळी तुझ्या पुलावर मी भाषण करते. विषय तू. सुरुवातीला जोरात असते: कागदावर सायकलचा पट्टा होता, तो मोटारींना आणखी एक रांग मिळावी म्हणून कुणी खोडला? मध्यावर येईपर्यंत 'कुणी खोडला' एवढंच उरतं. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्याला लागून तुमच्या त्या पाणी जायच्या लोखंडी जाळ्या. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या, दोन पट्ट्यांत सायकलचं चाक नेमकं बसेल एवढी फट. जाळी आली की ट्रककडे सरकायचं. मोटारीत बसून पूल तपासणाऱ्याला ही फट दिसणार कशी? मोटारीचं चाक वरून जातं, फक्त खडखड आवाज येतो.

जनसुनावणीत मी हेच बोलले होते. "ज्यांनी या पुलाचा नकाशा काढला ते माझे सख्खे बंधू आहेत. त्यांनी एकदा सायकलवरून तो ओलांडून दाखवावा." लोक हसले, तू उठून गेलास, आणि दोन वर्षं झाली. त्या वाक्याची माफी मी मागितली नाही आणि मागणार नाही. ते खरं होतं.

सायकल का सुरू केली ते विचारू नकोस. वजन वाढलं होतं, एवढं पुरे.

औषधं वेळेवर घे. मीठ खाऊ नकोस. वहिनीवर ओरडू नकोस. ओरडायचं तर मला फोन कर, मला सवय आहे.

तुझी,
भोंगा

(लहानपणी हे नाव तूच ठेवलंस. कारखान्याचा भोंगा आणि मी, दोघांत कोण मोठ्याने ओरडतं यावर तू गल्लीत पैजा लावायचास. आता कान झाकून कसं चालेल?)


४ मार्च

दादा,

आज नमस्कार नाही.

वहिनीच्या पोटात राहिलं नाही, तिने तुला सांगितलं. बरं झालं, मलाही लपवाछपवीचा कंटाळा आला होता. आणि त्यावर तू तिच्याकडून निरोप काय धाडलास? "भोंग्याला सांग, मला तिचं काही नको. आज यकृताचा तुकडा देईल, आणि उद्यापासून मरेपर्यंत त्यावर भाषण करेल."

वा! काय टाळ्यांचं वाक्य आहे. आमच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं असतं.

आता माझं ऐक. तुझं यकृत संपत आलं आहे. दारूला कधी शिवला नाहीस तरी संपत आलं, तुझा काही दोष नाही. डॉक्टरांनी तुला सांगितलं, दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा मिळाला तर जगशील, नाहीतर हे वर्ष कठीण आहे. वहिनीचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. डिसेंबरात मी तुला न सांगता तुझ्याच डॉक्टरांकडे जाऊन तपासून घेतलं. त्यांनी पडद्यावर माझ्या पोटातलं चित्र दाखवलं आणि म्हणाले, "तुमच्या यकृतात चरबी आहे. असं यकृत देता येत नाही."

दादा, आयुष्यात मी इतकी शरमले नव्हते. विचार कर, मी तावातावाने द्यायला गेले आणि माझा माल परत आला.

मी विचारलं, "कमी होते?"

"होते. औषधाने नाही. घाम गाळून. रोज. मार्चअखेर पुन्हा बघू."

म्हणून सायकल. सकाळी सासऱ्यांचे कपडे भिजत घालून, लेकीला उठवून, तिच्या शिव्या खाऊन, पाठीवर पिशवी टाकून मी तुझ्या पुलावर चढते. गोड सोडलं. तळलेलं सोडलं. सभेत पुढे ठेवलेलं काहीही खात नाही, कार्यकर्ते म्हणतात ताई रुसल्यात. गुडघे रडतात. सलवारी साखळीत अडकून फाटल्या. पोरं वर्गात मला 'घंटी' म्हणतात, मला कळत नाही असं त्यांना वाटतं. हे सगळं कुणासाठी? माझ्या फिगरसाठी?

आणि तू घरात पाय वर करून म्हणतोस, मला नको!

तुझ्या सहीशिवाय शस्त्रक्रिया होत नाही. देणाऱ्याची सही लागते तशी घेणाऱ्याचीही. माझी झाली आहे. तू कुणावर रागावून सही अडवलीस? माझ्यावर? माझ्यावरच्या रागाने तू मरणार? असला पोरकट सूड मी इतिहासातही फार कमी वाचला आहे, आणि ज्यांनी घेतला त्यांची नावं मी वर्गात मूर्ख म्हणून सांगते.

भाषणाचं म्हणशील तर ऐक. मी लिहून देते, तुला दिलेल्या तुकड्याबद्दल मी कुठे चकार शब्द काढणार नाही. पण पुलाबद्दल बोलेन. तू बरा झालास तरी बोलेन. माझं यकृत पोटात घेऊन तू समोर बसलास तरी बोलेन. देणं आणि गप्प बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या बदल्यात दुसरी मी देत नाही आणि तूही मागू नकोस.

डॉक्टर म्हणतात, यकृत कापलं तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा वाढतं. म्हणजे तुझ्या बांधकाम खात्यापेक्षा बरं. तुम्ही एक बाजू खोदली की वर्ष वर्ष बुजवत नाही.

अक्षर वाकडंतिकडं आलं आहे. रागाने हात थरथरतो आहे, दुसरं काही नाही.

सही कर.

भोंगा


३० मार्च

दादा,

नमस्कार, कारण आज मला तुला पायापासून डोक्यापर्यंत सोलायचं आहे, आणि ते नमस्कार न करता बरं दिसत नाही.

आज सकाळी पुलावर रहदारी एका बाजूने वळवली होती. पुढे माणसं जाळ्या उखडत होती. मी उतरले. एकाच्या हातात पहार होती, त्याला विचारलं, "काय चाललंय?"

"जाळ्या फिरवतोय, ताई. पट्ट्या आडव्या करायच्या, म्हणजे चाक आत जात नाही."

"कुणी सांगितलं?"

"मोठ्या साहेबांनी. परवा स्वतः आले होते. आजारी आहेत हो, डोळे नुसते पिवळे. इथे कठड्याला लागून खुर्ची टाकून बसले, मांडीवर सायकलचं चाक घेऊन."

"चाक?"

"नुसतं चाक. पोराचं आणलं असेल घरून. आम्हाला म्हणाले, एकेका जाळीवर उभं करून दाखवा. आत गेलं की म्हणायचे, ही फिरवा. पुढची. ही पण फिरवा. आम्ही म्हटलं, साहेब, सगळ्या सारख्याच आहेत, उन्हात कशाला बसता? तर केवढ्याने ओरडले! उठायची ताकद नाही, पण आवाज बघा."

"काय ओरडले?"

"म्हणाले, इथे माझी बहीण पडली. सगळ्या बघायच्या." त्याने पहार टेकवली. "ती बाई भेटली ना, तर सांगणार आहे, तुमच्यामुळे आमची सुट्टी गेली."

"सांगते तिला," मी म्हटलं.

म्हणजे वहिनीच्या पोटात हेही राहिलं नाही. तर मग लिहितेच. मी पडले होते. मागचं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी. ट्रक अंगावर आला, मी कठड्याकडे दाबली गेले, पुढचं चाक जाळीत गेलं आणि मी हँडलवरून समोर आदळले. उजवं मनगट मुरगळलं, हनुवटीला टाके पडले. ट्रक हातभर अंतरावरून गेला. म्हणून अक्षर वाकडं होतं. तुला लिहिलं नाही. जनसुनावणीनंतर दोन वर्षांनी मी पुराव्यासह बरोबर ठरले, आणि ते तुला सांगायची मला हौस वाटली नाही. यावरूनच माझी अवस्था ओळख.

आता सोलायला घेते. जाळी चौकोनी आहे. उचलायची, पाव फेरा फिरवायची, परत बसवायची. नवीन लोखंड नाही, नवीन नकाशा नाही. एवढ्यासाठी दोन वर्षं! इतक्या लोकांनी इथे जीव मुठीत धरून सायकली चालवल्या, आणि तुला दिसलं कधी, तर पडणारी तुझी बहीण निघाली तेव्हा. बाकीच्या बायका कुणाच्या बहिणी नव्हत्या? हे मी सभेत बोलणार आहे. हे पत्र फाडलंस तरी बोलणार आहे.

आणि तरीही तुझी सही नाही.

काल वहिनीला मी सरळ विचारलं, भाषणाचं सोड, तो खरं काय म्हणतो? ती म्हणाली, "ते म्हणतात, शेजारशेजारच्या टेबलांवर दोघं झोपलो आणि ती उठलीच नाही, तर मी तिच्या लेकीला तोंड कसं दाखवू?"

असं आहे होय! मग ऐक. धोका आहे. डॉक्टरांनी लपवला नाही, मीही लपवत नाही. मिळेल ते वाचलं, नवऱ्याशी बोलले, लेकीशी बोलले. ती रडली, मग म्हणाली, "मामाला सांग, आईला नाही म्हणायची हिंमत बाबांनी केली नाही, तू कशाला करतोस?" हा धोका माझा आहे. तो घ्यायचा की नाही हे मी ठरवलं आहे. आणि तू काय करतोस? पुलावर केलंस तेच पुन्हा. ज्याला रस्त्यावरून जायचं आहे त्याला न विचारता, त्याच्या भल्याच्या नावाखाली, काचा लावून आत बसून, त्याचा रस्ता खोडतोस. याच गोष्टीवरून मी तुझ्याशी भांडले होते. याच गोष्टीवरून अजून भांडते आहे.

परवा तपासणी झाली. डॉक्टरांनी पुन्हा पडद्यावर चित्र दाखवलं. चरबी गेली आहे. म्हणाले, "छान. आता हे कुणालाही देता येईल." मी म्हटलं, "कुणालाही नाही, एकालाच द्यायचंय, आणि तो गाढव आहे." त्यांनी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख धरून ठेवली आहे. फार दिवस धरता येणार नाही, म्हणाले. तुझ्या रक्ताचे आकडे त्यांना आवडत नाहीत.

आईबाबा गेल्यावर मला "गप्प बस" म्हणणारं जगात एकच माणूस उरलं आहे. ते माणूस दोन वर्षं मला हे म्हणालेलं नाही. मी भरल्या मैदानापुढे कागद न घेता बोलते, पण यापुढचं वाक्य मला येत नाही. तीनदा लिहिलं आणि खोडलं. तुला कळलं असेल. नसेल तर वहिनीला विचार, तिच्या पोटात काही राहत नाही.

आज जाळ्या मागे टाकून पुढे निघाले, तेव्हा नेहमीसारखं भाषण सुरू केलं. तू असा, तू तसा, तुझा पूल, तुझं खातं, तुझा अहंकार. चढ वाढला तसा अहंकार गळला, मग खातं गळलं, मग पूलही गळला. त्या बाई म्हणाल्या होत्या तशी अगदी माथ्यावर दोन शब्दांवर आले. श्वासाश्वासाला तेवढेच निघत होते, शेजारच्या बसमधले लोक वळून बघत होते, म्हणजे भोंगा अजून चालू आहे.

तेच दोन शब्द इथे लिहिते.

सही कर.

तुझी, आणि तुझ्यावर अजिबात न निवळलेली,
भोंगा