नेटची यादी आणि खंडेनवमी

३ ऑक्टो. २००३, शुक्र.
जमलं! कॉलेजात कॉम्प्युटर तीस, इंटरनेटची लाइन एकच, तीही मुंगीच्या चालीची. आजपासून नेट फक्त दहांवर. प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाचा नंबर वेगळा. दहा नंबर सर्व्हरच्या यादीत, बाकीच्यांना दार बंद. पुस्तक वाचून एकटीने केलं. हंगामी नोकरीत असले म्हणून काय झालं? स्वतःचीच पाठ थोपटली.

६ ऑक्टो., सोम.
दोन दिवस कबनूरला, वडिलांकडे, म्हणजे आबांकडे. धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम छान झाला. इकडे सकाळी सकाळी शिमगा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेट बंद आणि जिमखान्यात क्रिकेटचा स्कोअर धडाधड! "काय ओ मॅडम, मलाच बाहेर काढलं की!" सगळ्या स्टाफसमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
दुपारी सर्व्हरच्या नोंदी तपासल्या. यादी बरोबर. सरांचं मशीनच जिमखान्यात! शिपाई दत्तूमामांना गाठलं. शनिवारी खंडेनवमीला सगळी मशीनं हॉलमध्ये मांडून पूजा केली म्हणे. "परत ठिवताना कुणाचं कुठलं, कुणाला ठावं? सगळी पांढरीच की!"
हसू आवरेना. चूक माझी नव्हती, हे सरांना स्वतः जाऊन सांगितलं.

९ ऑक्टो., गुरु.
मशीनचा भरवसा नाही. आता माणसाचं नाव नि पासवर्ड; कुठेही बसा. स्टाफमधल्या बाराजणांनी आपापला टाकला, मी पाठ फिरवून उभी. सर्व्हरवर तो मलाही वाचता येत नाही.
आबांना फोन. जन्मभर दुसऱ्याच्या यंत्रमागावर राबलेला माणूस. "म्हंजे किल्ली तुज्याकडं हाय? लई भारी की गं!"

१३ ऑक्टो., सोम.
सरांनी बोलावलं. टेबलावर माझ्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीची ऑर्डर, सहीसाठी.
"सगळ्यांचे पासवर्ड लिहून द्या. माझ्या कपाटात राहतील."
"मलाच माहीत न्हाईत, सर."
"नवे टाकता येतात की?"
"येतात. पण मग कुणाच्या नावावर कोण बसलं, कसं कळणार? न्हाई द्यायची मी."
सरांनी पेनाला टोपण लावलं. ऑर्डर ड्रॉवरमध्ये.
तरी आज स्वतःवर जेवढी खूष आहे, तेवढी कधीच नव्हते.
उद्या अकराला पुन्हा बोलावलंय. पासवर्डांची यादी घेऊनच या, म्हणाले. रिकाम्या हाताने जाणार.