सहा खाटा, सरकारजमा

२ मार्च १९५३, डमडम, कलकत्ता
हुकूम आला. एक एप्रिलपासून प्रसूतिगृह सरकारकडे. मालकीण मासीमांनी कागद माझ्या हातात दिला आणि वर गेल्या. घर त्यांचं, तळमजल्यावरच्या सहा खाटा त्यांच्या, अकरा वर्षं सगळं त्यांनीच चालवलं. मी पाच वर्षं त्यांच्याकडे नर्स. आणि सरकारने हे ताब्यात घ्यावं म्हणून गल्लीतल्या बायकांच्या सह्या गोळा करणारी मीच. इंग्रजी अर्ज ह्यांनी लिहून दिला होता.
संध्याकाळी हे ऑफिसातून आले, कागद वाचला, खूश. "आता बाळंतपण हा हक्क झाला. कुणाच्या मेहरबानीवर नाही."
खरं आहे. मग मी कागद पुन्हा पुन्हा का वाचतेय?

५ मार्च
आज एक बाई आली. लक्ष्मी, इथल्या तोंडी लोक्खी. पूर्व बंगालातल्या बारिसालकडची, रुळांपलीकडच्या निर्वासितांच्या वसाहतीत आईबरोबर राहते. आठवा लागलेला. पावलं एवढी सुजलेली की बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहतो. पहिलं मूल जन्मतःच गेलं. हिला घरी बाळंत होऊ देणं म्हणजे…
मासीमा खाली आल्या. "नवरा कुठे?"
"आसामात काम शोधायला गेला. सात महिने झाले. पत्र नाही."
"सात महिने," मासीमांनी बोटं मोजली नाहीत एवढंच. "माझ्याकडे घरंदाज बायका येतात. जागा नाही."
चार खाटा रिकाम्या होत्या.
मी तिच्या मागे फाटकापर्यंत गेले. म्हटलं, एक तारखेपासून इथे सरकार येतंय. मग कुणी नवऱ्याचं विचारणार नाही. तेव्हा ये, मी आहे. ती हसली. बरोबर आलेल्या तिच्या आईने माझा हात कपाळाला लावला. नको होतं लावायला.

११ मार्च
ल.ला बघायला वसाहतीत जाऊन आले. मीठ बंद कर, डाव्या कुशीवर झोप. डोकं दुखतं म्हणते. रक्तदाब जास्त आहे. मासीमांना न सांगता यंत्र पिशवीतून नेलं होतं.
उषा शाळेतून आली, "आई, तू कोथाय होतीस?" अर्धं मराठी, अर्धं बंगाली. रागवायचं विसरले.

१९ मार्च
सरकारी कारकून दोन दिवस यादी करतोय. खाटा, गाद्या, चिमटे, कात्र्या, चादरी. मासीमा जिन्यात खुर्ची टाकून बसतात. आज म्हणाल्या, "सुमती, ह्या चादरी माझ्या सुनेच्या रुखवतातल्या. ह्यांवर आता नंबर घालणार."
मला वाईट वाटलं. आणि त्याच वेळी लोक्खीचा चेहरा आठवला. दोन्ही एकदम वाटतं, त्याचं काय करायचं?

२७ मार्च
आरोग्य अधिकारी येऊन गेले. माणूस भला, पण थकलेला. मी विचारलं, एक तारखेला डॉक्टरीणबाई कोण?
"नेमणूक व्हायची आहे."
"मग उघडणार कसं?"
"नेमणूक झाली की."
"तोपर्यंत?"
"तोपर्यंत मोठं इस्पितळ आहेच." म्हणजे सियालदा स्टेशनच्या पलीकडे. कळा देत लोकलने जायचं का?
शेवटी नियमांचा कागद दिला. निर्वासित असेल तर कार्ड, नाहीतर राहत्या घराचा दाखला. मी म्हटलं, रुळांपलीकडच्यांना कार्डं नाहीत. ती जागा बेकायदा धरलीय म्हणून त्यांचा पत्ताच कुणी मानत नाही.
ते म्हणाले, "बाई, कार्डाशिवाय मला त्यांच्या नावे औषध काढता येत नाही. मी काय करू?"
खरंच विचारत होते.

३१ मार्च
शेवटची बाळंतीण सकाळी घरी गेली. दुपारी दाराला लाखेचं सील. एक किल्ली अधिकाऱ्यांकडे, एक माझ्याकडे, कारण मला सरकारी नोकरीत "सामावून घेण्याचा विचार" आहे. मासीमांनी शिपायालाही चहा दिला. मला नाही.
ल.ला काय सांगायचं?

४ एप्रिल
सांगून आले. तिने ऐकून घेतलं. "दीदी, म्हणजे आधी नवरा नाही म्हणून आणि आता कागद नाही म्हणून?"
तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
ह्यांना सांगितलं की तिच्यासाठी काहीतरी करा. हे म्हणाले, नवीन व्यवस्था लागायला वेळ लागतो, एका माणसासाठी नियम वाकवायला लागलो तर पुन्हा मासीमांचंच राज्य. बरोबर बोलतात. पण ह्यांनी तिची पावलं पाहिलेली नाहीत.
ठरवलं, सोमवारीच तिला मोठ्या इस्पितळात घेऊन जाते. दिवस भरायच्या आधी.

६ एप्रिल
गेलो. ल., तिची आई आणि मी, तिघी सकाळच्या लोकलने. दोन तास रांगेत. तिथल्या बाई म्हणाल्या, वीस तारखेला या, आज खाट नाही, जमिनीवरही जागा नाही. खोटं नव्हतं, व्हरांड्यात दोन दोन बायका एका सतरंजीवर. परत आलो. गाडीत ल. माझ्या खांद्यावर झोपली.

९ एप्रिल
आज दुपारी साडेबाराला तिची आई धावत आली. कळा पहाटेपासून, आणि मला आता सांगते! गेले तर तिची नजर फिरलेली, डोकं धरून बसलेली. गाडीपर्यंत पोचली नसती. हातरिक्षात घालून सरळ…
सील मी तोडलं. माझ्या हाताने. कुलूप उघडलं, तिला दोन नंबरच्या खाटेवर घेतलं. यादी करून बंद केलेल्या कपाटातून हातमोजे, कात्री, इंजेक्शनं काढली. स्टोव्हला रॉकेल नाही. तेवढ्यात दारात मासीमा.
"माझ्या घरात, मला न विचारता?"
मी ओरडले. त्यांच्यावर आजवर कुणी ओरडलं नसेल. "नंतर बोला. आधी उकळतं पाणी आणा!"
त्या गेल्या. वाटलं, गेल्याच. दहा मिनिटांनी स्वतः पातेलं घेऊन जिना उतरल्या, सत्तरीच्या बाई, पदर खोचलेला. मग हलल्या नाहीत. ल.चं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, कळ आली की लेकीला म्हणावं तसं तिला म्हणत, "जोर कर, मा, आणखी जोर."
दोन वाजून दहा मिनिटांनी मुलगी. निळी. पाठ चोळली, तोंड साफ केलं, उलटी धरली. रडेना. रडेना. मग रडली.
वार पडली, पण रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले, माझे हात भरून आले. मासीमांनी त्यांची मोटार काढायला लावली. इस्पितळात या वेळी घेतलं, व्हरांड्यात, पण घेतलं. रक्त चढवलं.
घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "सरकारी सील, सुमती. मी सरकारी नोकर आहे."

१० एप्रिल
अधिकाऱ्यांचं पत्र. सोमवारी अकरा वाजता लेखी खुलासा घेऊन हजर राहा.
ह्यांनी माफीचा मसुदा तयार केला. 'भावनेच्या भरात हातून घडलं.' तसं नव्हतं. डोकं इतकं थंड क्वचितच असतं माझं.
मासीमांनी वर बोलावलं. त्यांचाही कागद तयार. सरकारला हे काम झेपत नाही, घर परत द्या, मी पूर्वीसारखं चालवते. त्यावर माझी साक्ष हवी.
मी विचारलं, "लोक्खीसारखी पुन्हा आली तर घ्याल?"
खिडकीबाहेर बघत राहिल्या. "काल समोर होती म्हणून…"
सही केली नाही. ह्यांच्याही कागदावर नाही.

१२ एप्रिल
इस्पितळात गेले. ल.ला ताप. शुद्धीवर आहे, पण बोलत नाही. मुलगी आजीकडे, बाटलीने दूध पिते. डॉक्टर म्हणाले, दोनतीन दिवस बघू.
खुलासा स्वतः लिहिला, मराठीत. बाई मरत होती, दार बंद होतं, किल्ली माझ्याकडे होती. कार्ड नसलेल्या बायकांनी कुठे जायचं, ते सरकारने लिहून कळवावं. ह्यांनी दोनदा वाचला. मला वाटलं, फाडतील. चष्मा पुसून इंग्रजीत करायला बसले. एक शब्द मवाळ करू पाहत होते, मी नाही म्हटलं. केला नाही.

१३ एप्रिल
अधिकाऱ्यांनी उभ्यानेच वाचलं. "यादीत रॉकेल नाही. पाणी कुणी गरम केलं?" एवढंच विचारलं. मी नाव सांगितलं नाही. म्हणाले, हे वर पाठवावं लागेल, निर्णय माझ्या हातात नाही. नेमणूक? तीही वरूनच. तुमचं सामावून घेणं तूर्त थांबलं. किल्ली द्या.
दिली. ह्यांच्या ऑफिसला कळवणार का, ते विचारायचं धाडस झालं नाही.
मी परत येईपर्यंत शिपाई नवीन सील लावत होता. मासीमा वरच्या गॅलरीत उभ्या.
मग वसाहतीत गेले. ल.चा ताप तसाच, तिची आई इस्पितळातून बघून आली होती. मुलगी आजीच्या मांडीवर झोपलेली. मी आले कळल्यावर बायका जमल्या. तिघींना दिवस गेलेले. एकीने विचारलं, "दीदी, आम्ही कुठे यायचं?"
तिघींची नावं आणि महिने लिहून घेतले. पहिलीचे मेच्या पहिल्या आठवड्यात भरतात.