म्हातारीची हुडहुडी

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खुशाली तीन ओळी, आणि बाकी पानभर म्हातारीची चौकशी. तेल बदललंस का, ताडपत्री घालतेस का. बाबांनी जाताना जीप माझ्या नावावर केली, तेव्हापासून तुझी पत्रं माझ्यापेक्षा तिलाच जास्त येतात.

म्हणून तिचीच बातमी देते. तिला हुडहुडी भरते. काल टेकडीपलीकडे एक गाय अडली होती, तिकडे निघाले होते. उतारावर पन्नासचा वेग असेल. डावं चाक खड्ड्यात आपटलं आणि स्टिअरिंग असं थडथडायला लागलं की हातात राहीना. जीपचं अख्खं तोंड डावी-उजवीकडे हलत होतं. ब्रेक दाबत दाबत अगदी चालीवर आणली तेव्हा शांत झाली, जसं काही झालंच नव्हतं. कठडा हातभर राहिला होता. गाय सुटली, वासरू ठीक आहे.

हे म्हणतात, गुरांची डॉक्टर गुरांच्या आधी जायची, विकून टाक ती जीप. मी म्हटलं, आधी ताईला विचारते. बाबांची चेली तू. सांग काय करू.

लोभ असू दे, निदान अर्धा तरी माझ्यावर.

तुझी,
धाकटी

ता. ११ जून

चि. बाईसाहेबांस,
अ. उ. आ.

आधी तू धड आहेस ना ते पत्रात पुन्हा वाचलं, मग राग आला. बाबांच्या हातात ती एकदाही अशी थरथरली नव्हती. मिळालेली वस्तू कशी सांभाळायची हे मला विचारू नकोस, मला कुठे मिळाली? मला पान्यांची पेटी मिळाली. तिसऱ्या मजल्यावर, पलंगाखाली. दिवसभर कारखान्यात लेथवर दुसऱ्यांच्या यंत्रांचे भाग कातते आणि घरी येऊन पेटी पुसते. तुझ्याकडे जीप आणि पाना नाही, माझ्याकडे पाने आणि जीप नाही. वाटणी करताना बाबांना गंमत वाटली असेल.

असो. आधी चाकं बॅलन्स करून घे. मग किंगपिनची बेअरिंगं बदल. चाक ज्या खिळीवर वळतं ना, तिची. बाबांनी एका गाडीची हुडहुडी तशीच घालवली होती, माझी खात्री आहे. आणि मिस्त्री स्टिअरिंगला नवा डॅम्पर लावू म्हणेल, तर ऐकू नकोस. डॅम्पर म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात. रडणं थांबत नाही, नुसतं ऐकू येत नाही.

जपून चालव. माया आहेच, या पत्रात दिसली नाही तर समजून घे.

ताई

ता. २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चाकं बॅलन्स झाली. बेअरिंगं बदलली. हुडहुडी आहे तशीच. शेवटी मिस्त्रीने डॅम्परही लावला, रागावू नकोस. थोडे दिवस शांत होती, मग पुन्हा भरली आणि आधीपेक्षा जोरात.

ह्यांनी गिऱ्हाईक आणलंय. हॉटेलवाला आहे. त्याला जीप चालवायची नाही, बागेत उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची आहेत. महिनाअखेर न्यायला येईल. मी नाही म्हणू शकले नाही. त्या कठड्यापाशी पुन्हा जायची माझी छाती होत नाही, आणि जीपशिवाय टेकडीपलीकडे जाता येत नाही.

आणखी एक. मिस्त्रीने जीप जॅकवर चढवली, तो खाली झोपला आणि मला म्हणाला, बाई, वर बसून स्टिअरिंग हलवा. तेव्हा सगळं आठवलं. बाबा आणि तू खाली, मी वर. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. खालून तुमचं बोलणं यायचं, तुझं हसणं यायचं, शब्द मात्र कळायचे नाहीत. मी उतरायला लागले की बाबा ओरडायचे, वरच बस. मला वाटायचं, हातात खेळणं देऊन मला बाजूला बसवलंय. तू पेटीचं रडतेस. मी अजून त्या जीपखालच्या जागेवर जळते. एवढं काय बोलायचात गं?

उत्तर दे. लोभाचं तुझं तू ठरव.

धाकटी

ता. ८ जुलै

चि. बाईसाहेबांस,
अ. उ. आ.

विचारलंस म्हणून सांगते, अजून झोंबतं. डोळ्यात गंज, केसात ग्रीस, सांध्यावर बोट माझं. आणि बाबा काय म्हणायचे? वरच्या बाईसाहेबांचा हात बघ. पाळणा हलवावा तशी हलवते. दुसरं कोणी बसलं की हिसके देतं, ही बसली की गाडी बोलते. मी हसायचे, लागलंय ते दिसू नये म्हणून. एकदा मी विचारलं, आज मी वर बसू? तर म्हणाले, तुझा हात हिसका देतो. तेव्हापासून मी तुला बाईसाहेब म्हणते. तुला वाटत असेल, लाडाने.

मिस्त्रीला सांग, जॅकवर घेतलेल्या गाडीच्या सांध्यांवर वजनच नसतं, ते बोलणार कसे? चारही चाकं जमिनीवर हवीत. शनिवारी दुपारच्या बसने पेटी घेऊन येते. फुलझाडवाल्याला थोपव.

तू वर, मी खाली.

ताई

ता. २२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. केवढंसं ते तू लेथवर कातलेलं बुश, बोटभर नळी, आणि कापसात असं गुंडाळलंस की मला वाटलं कानातलं पाठवलंस.

तू गेल्यापासून ती दुपार डोळ्यासमोरून हलत नाही. मी हलवत होते, तू खाली बोट लावून बघत होतीस. एकेक सांधा. मग तू म्हणालीस, थांब. पुन्हा, हळू. पुढच्या अॅक्सलला जागेवर धरणारी ती आडवी दांडी, तिचं चासीकडचं, म्हणजे सांगाड्याकडचं टोक. बोल्ट घट्ट, म्हणून मिस्त्रीला काही सापडेना. पण ज्या भोकात तो बसतो, ते झिजून अंड्यासारखं झालेलं. तुझ्या बोटाला टक् लागलं, त्याच वेळी माझ्या तळहाताला लागलं. बेअरिंगं उगाच बदलली हे तू कबूल केलं नाहीस, पण त्या दिवशी चहा तू केलास, तेवढ्यावरून मी समजले.

मिस्त्रीने भोक गोल करून घेतलं, तुझं बुश ठोकून बसवलं. काल तोच उतार, तोच खड्डा, तोच वेग. मुद्दाम. स्टिअरिंगला एकच धक्का बसला आणि सरळ झालं. पुढे जाऊन थांबले आणि एकटीच मोठ्याने म्हणाले, बाईसाहेब. इतकी वर्षं तू हाक मारत होतीस आणि मला ऐकूच आली नव्हती.

हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवलं. ताई, जीप तू ने. मी दुसरी बघेन. मनापासून म्हणते. अर्ध्या मनापासून, खोटं कशाला बोलू.

उरलेलं अर्धं तुझ्या उत्तराची वाट बघतंय.

धाकटी

ता. २९ जुलै

चि. बाईसाहेबांस,
अ. उ. आ.

जीप नको. तिसऱ्या मजल्यावर कुठे उभी करू? शिवाय माझा हात हिसका देतो.

माझं बुश त्या दांडीत आहे, तू रोज त्याच्या भरवशावर टेकडी उतरतेस, एवढं मला पुरे, असं लिहिणार होते. पण पुरत नाही. काल लेथवर काम करतानाही तू वर बसलेली दिसलीस आणि पुन्हा झोंबलं. झोंबू दे. जीप इथे आली तर मी पत्रात काय विचारू? तुझ्या सासूची तब्येत?

बुश बसल्यावर बोल्ट पुन्हा आवळलास का? मिस्त्रीवर सोडू नकोस. स्वतः खाली जा, बोट लावून बघ. आणि तुझ्या ह्यांना वर बसवू नकोस. वर बसायला मी येईपर्यंत थांब.

लोभ आहे, हेवाही आहे. दोन्ही असेच वाढत राहावेत.

ताई