हस्तक्षेप: शून्य

९ मार्च २०२५, रविवार. गडचिरोली.

मागची नोंद १७ ऑगस्टची आहे. तीत लिहिलंय, 'आजपासून रोज लिहिणार.' मध्ये जवळजवळ सात महिने गेले. वहीची माफी मागतो. पहिल्या पानावर 'दिग्दर्शकाची रोजनिशी' असं मीच लाल पेनने लिहून ठेवलंय, त्यामुळे वही उघडायची लाज वाटत होती. आळस केला असं मात्र नाही. विषयाच्या शोधात होतो.

परिस्थिती लिहून ठेवतो. वय ४४. बी.कॉम. वीस वर्षं लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. आता लोक लग्न मोबाईलवरच काढतात, म्हणून विद्यापीठात फिल्म आणि टेलिव्हिजन निर्मितीच्या पदविकेला प्रवेश घेतला. वर्गातली पोरं मला चाचा म्हणतात. शेवटी दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी द्यावी लागते. मागच्या वर्षी ती राहिली (प्रकाश योग्य नव्हता). यंदा मुदत १५ एप्रिल, संध्याकाळी पाच. चुकली तर नोंदणी रद्द. जमली तर एका खासगी संस्थेत जूनपासून कॅमेरा शिकवायला बोलावलंय. दुकानाची पाटी मी आधीच बदलून घेतली: 'सादिक व्हिडिओ' होतं, आता 'सादिक फिल्म्स'.

विषय सापडला. मोहफुलं वेचणारी बाई. धानोऱ्याजवळच्या खेड्यातली गुणाबाई. तिच्या मुलीचं लग्न २०१० साली मीच शूट केलं होतं.

आमच्या दिव्यानी मॅडमचा (वय ३१) नियम असा की कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला काहीही सांगायचं नाही. जे घडतं ते घडू द्यायचं. हे माझ्या स्वभावातच आहे. तरी प्रामाणिकपणा म्हणून रोजच्या हस्तक्षेपाची नोंद ठेवणार.

१२ मार्च, बुधवार.

रोजे सुरू आहेत, म्हणून पहाटे उठण्याची अडचण नाही. सहरी करून निघालो, उजाडता उजाडता झाडाखाली पोचलो. खाली फुलांचा सडा. त्यात गुणाबाई जांभळी जरीची साडी नेसून, हात जोडून, कॅमेऱ्याकडे बघत उभी. पंधरा वर्षांपूर्वी मी तिला असंच उभं राहायला सांगितलं होतं, ते तिच्या लक्षात राहिलंय.

कुठी पाहू जी भाऊ, असं तिने विचारलं. म्हटलं, कुठेच पाहू नका बाई, मी इथे नाहीच असं समजा. ती म्हणाली, "नाई तं मंग इतक्या दुरून आले काऊन?"

साडी बदलून यायला सांगितलं.

हस्तक्षेप: शून्य. (साडी धरत नाही. ती मुळात माझ्याच जुन्या हस्तक्षेपामुळे नेसलेली होती, म्हणजे मी तो दूर केला.)

१६ मार्च, रविवार.

फूल वेचणाऱ्या बोटांचा क्लोजअप. सात टेक. सातव्या वेळी वेचायला तिथे फूलच उरलं नाही, म्हणून टोपलीतली थोडी परत खाली टाकली. ती मुळात खालीच होती.

मग मागून ऊन हवं होतं, म्हणून तिला दहा मिनिटं झाडाच्या पलीकडे थांबवलं. तेवढ्यात शेजाऱ्याच्या शेळ्यांनी अर्धी टोपली खाल्ली. हे अगदी नैसर्गिकपणे घडलं, परंतु कॅमेरा बंद होता. गुणाबाई म्हणाली, "तुमी नसता तवा शेळ्या येत नाई हो, भाऊ."

निघताना तिच्या परसात वालाच्या वेलावर काहीतरी चमकताना दिसलं. लग्नाची डीव्हीडी. दोऱ्याने टांगलेली. पोपट येत नाहीत म्हणे. माझं काम आजही लोकांच्या उपयोगी पडतंय याचं समाधान वाटलं.

हस्तक्षेप: दोन, पण सौम्य.

२१ मार्च, शुक्रवार.

गुणाबाईपुढे संमतीचा फॉर्म ठेवला. त्यावर तिची सही नसेल तर विद्यापीठ फिल्म घेत नाही. ती चौथी शिकली आहे, सही करते.

सही केली नाही. आधी एक काम करा म्हणाली. तिचा नवरा लटारू तीन वर्षांमागे गेला. त्याचा फोटो फक्त आधार कार्डावर आहे. "ते पाहून तं तोच भेला होता," असं म्हणाली. लग्नाच्या डीव्हीडीत तो कुठे दिसतच नाही. डीव्हीडी चालत होती तोवर तिने ती बारा-तेरा वेळा पाहिली. नवरीचा बाप असून एकदाही नाही.

मग मला विचारलं, "भाऊ, कापलेलं कुठी ठेवता तुमी?"

मला आधी कळलं नाही. तिने समजावलं: तुम्ही दिवसभर काढत होते, आणि दिली तर दोन तासांची. बाकीचं कापलंच असेल ना? कापलेल्यात तो असेलच.

प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे. वर्गातल्या एकाही पोराने असा प्रश्न अजून विचारलेला नाही. म्हटलं, चार दिवसांत आणून देतो.

जे लिहायला हवं ते लिहितो. त्या काळी आम्ही एकच कॅसेट तीन-तीन लग्नांना वापरत होतो. जुन्यावर नवं भरायचं. हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्या मनावर परिणाम झाला असता, म्हणजे हस्तक्षेप.

२५ मार्च, मंगळवार.

चार दिवस झाले. जुन्या कॅसेटची ट्रंक ऊर्जानगरला माझा मेहुणा अल्ताफ याच्या क्वार्टरमध्ये आहे. रोज्यात इतका प्रवास झेपणार नाही. ईद झाल्यावर जाणार.

गुणाबाईला फोनवर सांगितलं, शोध चालू आहे. (मनात चालू आहे.)

२ एप्रिल, बुधवार.

ईद झाली. माझी बायको जमीला भावाकडे ऊर्जानगरला गेली होती आणि ट्रंक एसटीने घेऊन आली. मी तिला सांगितलं नव्हतं. म्हणाली, तुम्ही झोपेत 'कापलेलं, कापलेलं' म्हणत होता, मला वाटलं रोज्यात बकरा आठवून राह्यला.

ट्रंकला कुलूप आहे. किल्ली शोधायला हवी. आज त्याऐवजी फिल्मच्या शीर्षकाचा फॉन्ट ठरवला.

७ एप्रिल, सोमवार.

मोह संपत आला. फिल्म मात्र पूर्ण झाली, नऊ मिनिटं पन्नास सेकंद. मॅडमला दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली. मग म्हणाल्या की गुणाबाई प्रत्येक फूल उचलायच्या आधी कॅमेऱ्याच्या मागे कुणाकडे तरी बघतात, परवानगी मागितल्यासारखं. तिथे कोण होतं?

म्हटलं, शेळ्या असतील.

१० एप्रिल, गुरुवार.

फॉन्ट बदलला. जमीला दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "पहले ट्रंक तो खोलो." म्हटलं, किल्ली नाही. तिने लाटण्याने कुलूप तोडलं.

आत बासष्ट कॅसेट. एकीवर माझ्याच अक्षरात 'धानोरा, गुणाबाईंची मुलगी', त्यावर काट, खाली 'राजुरा, साखरपुडा'. म्हणजे व्हायचं ते झालंच होतं. मला थोडं हायसं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं.

१२ एप्रिल, शनिवार.

जमीलाने जुना कॅमेरा काढून त्याचं कॅसेट वाचणारं हेड पुसलं आणि कॅसेट लावली. साखरपुडा संपेपर्यंत बसून राहिली. मी म्हटलं, बघायचं काय त्यात. ती म्हणाली, राजुऱ्याचा साखरपुडा छोटा होता, कॅसेट मोठी आहे.

एक्केचाळीस मिनिटांनी चित्र हललं, निळं झालं, आणि धानोऱ्याची पंगत सुरू झाली. साखरपुडा जिथे संपला, तिथून पुढचं लग्न तसंच शिल्लक होतं.

बनियन घातलेला, खांद्यावर दुपट्टा, हातात वरणाची बादली असा एक माणूस फ्रेमच्या मधोमध उभा आहे. नवरीकडे बघतोय. मागून माझा आवाज येतो, "ओ भाऊ, हटा ना. व्याह्यांना येऊ द्या."

तो वळतो, थेट कॅमेऱ्यात बघून हसतो. म्हणतो, "हटतो ना बाबू. पोरगी माहीच होय, म्हणून पाहून राह्यलो होतो."

माझा आवाज: "बरं बरं. पण हटा."

तो हटतो. एकूण अकरा सेकंद.

मी त्याला आचारी समजलो होतो.

१३ एप्रिल, रविवार.

सकाळी क्लिप साफ केली. रंग सुधारला. आवाज पूर्ण काढून टाकला. खरखर होती, तांत्रिक कारण.

जमीलाने पाहिली. विचारलं, आवाज कुठे गेला? म्हटलं, खरखर होती. ती म्हणाली, "खरखर तुमचीच होय. ते काढली तं तो कोणाकडे पाहून हसून राह्यला, हे बाईले कसं समजन? आन त्याचा बोल बी गेला ना त्याच्यासंगं."

आवाज परत टाकला. क्लिप जमीलाच्या जुन्या मोबाईलमध्ये भरली.

हस्तक्षेप: एक. मागे घेतला.

१४ एप्रिल, सोमवार.

धानोऱ्याला जाऊन आलो. बॅगेत कॅमेरा, फॉर्म, दोन पेनं. एक संपलं तर.

गुणाबाई ओसरीत मोह वाळवत होती. मोबाईल हातात दिला, क्लिप लावली. तिला ओळखू यावा म्हणून मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, हा बघा, हा बादलीवाला.

ती म्हणाली, "बोट हटवा ना बाबू. त्याच्या तोंडावर आलं."

मी बोट हटवलं.

तिने नऊ वेळा पाहिली. पाचव्या वेळी हसली. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाली, "हटला पाहा कसा चुपचाप. घरी मी म्हणो तं कधी हटे नाई." माझा आवाज तिने ओळखला होता, पण त्याबद्दल एक शब्द नाही. मीच माफी मागितली. बादली होती ना हातात, म्हणाली, तुमाले कसं समजन. कॅमेरा बॅगेतच राहिला. तो काढायचा विचार मनात आला होता, हेही लिहून ठेवतो.

मग फॉर्म पुढे केला. ती म्हणाली, पोरगी नूतन उद्या संध्याकाळच्या गाडीने सासरहून येते. बाप आधी पोरीने पाहावा, मग सही करते. परवा येऊन घेऊन जा.

म्हटलं, ठीक आहे. मोबाईल तिथेच ठेवला.

मुदत उद्या पाचला संपते, हे मला परतीच्या वाटेवर चातगावजवळ आठवलं. खरं म्हणजे ओसरीतच आठवलं होतं. मॅडमना फोन केला. मुदत वाढत नाही म्हणाल्या, पण तुम्ही समजावून सांगितलं तर बाई आधी सही करणार नाहीत का?

करतील. आत्ता म्हटलं, बाई, इथे सही करा, तर लगेच करतील. मी काही सांगितलं तर लोक ऐकतात. माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

जमीलाने विचारलं, मग पाटीचं काय? म्हटलं, 'फिल्म्स' पुसून 'व्हिडिओ' लिहायला पेंटर लागत नाही, मलाच येतं.

हस्तक्षेप: शून्य. या वेळी शून्यापुढे कंस नाही.

उद्याचं काम: धानोऱ्याला न जाणे.