पायरीवरचे पान

मी, चिमाबाई, कैलासवासी विष्णु ऊर्फ आप्पा आठल्ये यांची कन्या, वय वर्षे पासष्ट, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार वरची आळी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणास शंका असल्यास त्याने मी आहे तोवर येऊन एकोणतिसाचा पाढा विचारावा. मागाहून कुरकुर करू नये. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाबणारा अजून भेटलेला नाही.

१. घर. जांभ्या दगडाचे, पुढे अंगणाचे खळे, तीन पायऱ्या, उंबरठा, ओटी, माजघर, मागे विहीर व हापूसची चार कलमे. हे मला आप्पांनी दिले, एका अटीवर. आप्पा सुधारक होते. नवव्या वर्षी मी विधवा झाले तेव्हा त्यांनी मला पाटी आणून दिली, पुढे पुण्यास कॉलेजात धाडले, आणि आळी दोन वर्षे बोलली नाही तरी डगमगले नाहीत. परंतु त्यांची सुधारणा नाटकाच्या पडद्यापाशी थांबत असे. माझा धाकटा भाऊ दत्तात्रेय, ज्यास आई गेल्यावर मी वाढवले, तो सन १९०० मध्ये पंधराव्या वर्षी नाटक कंपनीबरोबर पळाला. आप्पांनी आपल्या मृत्युपत्रात लिहिले की, पोटासाठी ज्याने तोंडास रंग लावला त्याने चिमा हयात असेतो या घराचा उंबरठा ओलांडू नये. ओलांडल्यास घर चुलतभाऊ काशीराम यास जावे.

अट मला पटली नव्हती. पण लिहिलेले पाळावे, हे मी तीस वर्षे मुलींना शिकवले आहे.

२. आईची जांभळी पैठणी. दत्तूने पळताना नेली. तो कंपनीत प्रथम दासी झाला, मग सखी, मग दहा वर्षे राणी, आणि ती पैठणी नेसून त्याने सातारा-सांगलीपर्यंत टाळ्या घेतल्या. ती मी त्यास या लेखाने देत आहे. दान सन १९०० पासून लागू धरावे, म्हणजे घरात चोरी झाली असे म्हणावे लागणार नाही.

३. एक जुने भांडण. सन १९१३ मध्ये कंपनी रत्नागिरीस आली. मी डोक्यावरून शाल घेऊन मागे बसले. दत्तू कडक राजमातेच्या वेषात आला. चालला तो माझ्यासारखा. पदर खोचला माझ्यासारखा. मग तर्जनी वर करून, डोळे बारीक करून, प्रधानास म्हणाला, "पुन्हा वाचा." माझ्या शाळेतल्या साऱ्या मुली एकदम हसल्या. मी उठून घरी आले आणि अकरा वर्षे त्याच्या पत्रास उत्तर दिले नाही. नक्कल अचूक होती, हे आज कबूल करते. प्रधानाचे उच्चार भिकार होते.

४. सखाराम शेट्ये यास माझी पितळी घंटा द्यावी. याचा बंदरावर चलच्चित्रांचा तंबू. त्या काळी चित्रे मुकी असत; मधून मधून पडद्यावर अक्षरे येत व ती येणाऱ्या मंडळींना वाचता येत नसत, म्हणून तंबूत एक वाचणारा असे. १९२४ मध्ये त्याच्या वाचणाऱ्याचा घसा बसला. सखाराम माझ्याकडे आला. चित्र बोधपर आहे आणि बाईंचा आवाज बंदराच्या धक्क्यापर्यंत जातो, असे म्हणाला. दुसरे खरे होते, म्हणून गेले.

चित्रात एक म्हातारा बाप होता. पांढऱ्या मिशा, पोट सुटलेले. मी ओळखले नाही. तोच त्याने तर्जनी वर केली आणि डोळे बारीक केले. ते बोट माझे होते. दत्तूचा आवाज फुटून, अंग सुटून राणीपद गेले होते, हे मी ऐकून होते. चित्रात गेल्याचे ठाऊक नव्हते. तो बाप आपल्या मुलास दाराबाहेर काढत होता. पडद्यावर अक्षरे आली: "आजपासून हे घर तुला बंद."

ते माझ्याच्याने वाचवेना. मी स्वच्छ आवाजात वाचले, "ये. पाय धू. पाने वाढली आहेत."

पुढच्याच क्षणी मुलगा गाठोडे घेऊन रडत निघाला. तंबूत गोंधळ झाला. माझ्या घरी कामास असणारी हौसा पुढे बसली होती. ती मागे वळून म्हणाली, "बाय, बापूस जेवायला बोलावतोय नि पोरगा रडत चाललाय. भाजी आवडत न्हाय काय त्याला?" मग तंबूभर भाजी कोणती असावी याची चर्चा झाली. जन्मात एवढेच एक खोटे वाचन मी केले. सखारामने मला पुन्हा बोलावले नाही; त्याचे चुकले नाही. मात्र त्याने ही हकीकत कोल्हापुरास दत्तूला कळवली, म्हणून घंटा.

पंधरा दिवसांनी दत्तू खळ्यात उभा.

"चिमाताई, तंबूत तू मला जेवायला बोलावलंस म्हणे."

"तुला नव्हे. चित्रातल्या मुलाला."

"तो आला नाही ना? मग त्याचं पान मला वाढ."

वरच्या पायरीवर पान मांडले. तो बाहेर, मी उंबरठ्याच्या आत माझे पान घेऊन, मध्ये चौकटीचे लाकूड. तेव्हापासून तेरा वर्षे तो आला की असाच जेवतो. श्रावणात हौसाने त्याच्यावर इरले धरले आहे. भात भिजला, अट भिजली नाही.

५. काशीराम यास तो बाक द्यावा, जो त्याने कुंपणाच्या गडग्यालगत मांडला आणि ज्यावर बसून दत्तूचा पाय कुठे पडतो हे तो तेरा वर्षे पाहत आला. बाक माझ्या फणसाच्या लाकडाचा आहे. न विचारता नेला होता. काशीराम वाईट नाही. बघून बघून भूक लागते म्हणून त्यालाही पातोळे पाठवावे लागत, आणि तो "दत्तूचा पाय पायरीवरच आहे हो" असे प्रामाणिकपणे सांगत असे.

६. पोस्टातली शिल्लक व विहिरीकडची खोली हौसास. पुस्तके शाळेस. छडी कोणासही देऊ नये, जाळावी.

७. दत्तात्रेय आता बोलपटात काम करतो. त्याचा पहिला बोलपट सखारामच्या तंबूत लागला तेव्हा वाचणाऱ्याची गरज नव्हती. त्याचे ण आणि न वेगळे ऐकू आले. लोक त्यास मोठा नट म्हणतात. मला त्यातले कळत नाही. उच्चार मी शिकवले आहेत.

८. आप्पांची अट मी हयात असेतोच आहे. वकील हरिश्चंद्र मुळ्ये यांनी तीनदा वाचून तसे सांगितले. म्हणून कलम १ मधील घर, कलमांसह, मी दत्तात्रेय यास देत आहे.

माझ्या मागे बारा दिवस तो सवयीने पायरीवरच बसेल; मी त्यास ओळखते. तेराव्या दिवशी आत, माजघरात, पाने मांडावीत. काशीरामने आपल्या बाकावर बसावे. दत्तूने खळ्यात उभे राहून हे मृत्युपत्र सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे. तोंडास रंग हवा तर लावावा. जे लिहिले आहे तेच वाचावे, आपल्या पदरचे काही घालू नये. आवाज कापल्यास थांबून पुन्हा वाचावे. पुढची ओळ वाचून झाली की कागद काशीरामच्या हाती द्यावा आणि उजवा पाय आधी टाकावा.

दत्तू, ये. पाय धू. पाने वाढली आहेत.

सही: चिमाबाई आठल्ये

वरील मजकूर बाईंनी आम्हांस वाचून दाखवला व आमच्यादेखत सही केली:
हरिश्चंद्र मुळ्ये, वकील
सखाराम शेट्ये, तंबूवाले

मुक्काम रत्नागिरी, तारीख १४ नोव्हेंबर १९३७